तात्यांचा पाट दोनदा वाजला

तारीख ११ जून, बुधवार. वेळ दुपारी एक ते दोनच्या मधली. ठिकाण आमचं घर, दूधविनायक, वाराणसी.

हजर कोण कोण होतं ते आधी सांगते, कारण नंतर प्रत्येक जण मला हेच विचारतो. वरच्या मजल्यावर, पलंगावर, माझे सासरे तात्या, वय ८१. खाली बैठकीत माझे यजमान श्रीकांत, ते श्राद्धाचे कर्ते. जेवायला बसलेले दोन ब्राह्मण, त्यातले एक बापूगुरुजी, तात्यांच्या वयाला जवळचे आणि जुने स्नेही. दुसरे त्यांचे पुतणे. अभिश्रवणाला, म्हणजे ब्राह्मण जेवत असताना वेद म्हणायला, तात्यांचे शिष्य विश्वास गुरुजी. तात्यांची दिवसभराची देखभाल करणारी सुनीता. आणि वाढायला मी. एकूण सात. आठवं कोणी नव्हतं... निदान माझ्या यादीत तरी नव्हतं.

मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. हजेरीपट, रजा, परीक्षेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी चहाचे कप उचलून आत जाणारी बाई. माहेर सोलापूरचं, इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली. काशीत राहून असल्या गोष्टी कमी ऐकल्या असं नाही, पण प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडायचा, की तेव्हा घरात नक्की कोण कुठे होतं हे कोणी लिहून का ठेवत नाही. म्हणून मी लिहून ठेवलंय. त्या वहीतूनच हे उतरवते आहे.

तात्यांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, गिळणं गेलं, आणि श्वासासाठी गळ्यात नळी बसवावी लागली. ज्या माणसाने चाळीस वर्षं खालच्या बैठकीत मुलांना वेदाची संथा दिली, त्याच्या गळ्यातून त्या दिवसापासून शब्द नाही. हो म्हणायचं असेल तर एकदा डोळे मिटतात, नाही म्हणायचं असेल तर दोनदा. डावा हात थोडा हलतो.

अशा नळीत कफ साठतो. तो माणसाला स्वतःला काढता येत नाही, म्हणून सक्शन मशीन लागतं. आमचं मशीन छोटं, हातात धरून नेता येणारं, बॅटरीवरही चालणारं. ते मी मुद्दाम घेतलं, कारण आमच्या गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही. चौकापर्यंत माणूस खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यायचा, आणि मध्ये गाय आडवी असेल तर तिची समजूत काढायची. म्हणजे कफ अडकला तर जे करायचं ते घरातच, आणि तेही काही मिनिटांत. नळी पूर्ण बंद झाली तर माणूस ओरडूही शकत नाही. आवाज जायची वाटच नसते.

ही भीती माझ्या मनात दीड वर्ष चोवीस तास आहे. भीतीवर माझा एकच उपाय, यादी. पलंगाशेजारच्या भिंतीवर ती चिकटवलेली आहे. हात धुणे, हातमोजे, मशीनचा दाब बघणे, सक्शनची नळी आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू, दहा-बारा सेकंदांच्या वर नाही, मग थोडं थांबणे. बाटली कधी धुवायची, बॅटरी कधी चार्ज करायची, गळ्यातल्या नळीत बसणारी, काढता येणारी जास्तीची आतली नळी कुठल्या डब्यात. शेजारी एक वही, वेळ आणि कफ कसा होता ते लिहायला. सुनीता पहिल्या दिवशी ती यादी वाचून म्हणाली होती, "भाभी, इसमें मेरे साँस लेने का टाइम तो लिखा ही नहीं."

मी हसले नव्हते. 

त्या दिवशी सासूबाईंचं वार्षिक श्राद्ध होतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता माझ्या दोन चुका सांगते. त्या कोणी मला सांगितल्या नाहीत, माझ्या मीच केल्या.

तात्यांच्या डाव्या हाताखाली एक बटण असतं. ते दाबलं की खाली बैठकीत घंटी वाजते. बिनतारी घंटी आहे, सेलवर चालणारी, आणि आवाज देवळातल्या घंटेसारखा. श्राद्धात घंटा वाजवत नाहीत, हे आमच्याकडे काटेकोर पाळतात. ब्राह्मण पानावर बसले असताना घंटानाद झाला तर काय, असं माझ्या मनात आलं. मी घंटीतले दोन्ही सेल काढले आणि घंटी नि सेल कोपऱ्यातल्या पाटावर ठेवून दिले. सुनीता वर आहेच, तासाभराचा प्रश्न, असा हिशोब.

दुसरी चूक त्याहून साधी. आमच्याकडे ब्राह्मण जेवायला बसले की काकबळीचं पान गच्चीवर ठेवतात. आणि आमच्या गच्चीवर कावळ्याआधी माकडं येतात. मी जिन्यातूनच सुनीताला म्हटलं, "दो मिनट ऊपर खडी रह, कौआ आ जाए तो नीचे आ."

"और बाबूजी?"

"अभी तो साफ किया है ना?"

"साढे बारह बजे किया. लिखा है."

वहीत खरंच लिहिलेलं होतं. साडेबारा, पातळ, पांढरा. पुढची वेळ अडीचची. मी त्या ओळीवर विश्वास ठेवला. जूनची काशी, बाहेर लू म्हणजे भाजणारा वारा, एक वाजता लाईट गेलेली, कूलर बंद... अशा कोरड्या हवेत कफ किती लवकर घट्ट होतो हे मला ठाऊक होतं. यादीत मीच लिहिलं होतं, 'उन्हाळ्यात दर तासाला बघणे.'

आता पाटाबद्दल सांगायला हवं. बैठकीच्या कोपऱ्यात शिसवी लाकडाचा एक जाड पाट आहे. तात्या संथा देताना तो त्यांच्या उजव्या हाताशी असायचा. त्यांच्या अनामिकेत चांदीचं पवित्रक असे, दर्भाच्या गाठीच्या आकाराची जड अंगठी. म्हणताना कोणी चुकला की तात्या बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत, बघायचेही नाहीत. फक्त अंगठी पाटावर दोनदा वाजवायचे. टक् टक्. मग त्या मुलाने मागे जायचं, आपली चूक आपण शोधायची, आणि तिथून पुन्हा म्हणायचं. लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं मी स्वयंपाकघरात तो आवाज ऐकला की हातातली पोळी नीट लाटली गेलीय ना ते बघायचे. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, "तुला नाही गं, पोरांना आहे ते."

पक्षाघात झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये ते पवित्रक बोटातून काढून माझ्या हातात दिलं. मी ते एका डबीत घालून लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली माझ्या कमरेला असते.

सव्वा वाजता पानं मांडली. ब्राह्मण जेवताना बोलत नाहीत. श्रीकांत हात जोडून समोर बसलेले. कर्त्याने ब्राह्मण जेवेपर्यंत उठायचं नसतं. विश्वास गुरुजी भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणत होते. मी सोवळ्यात, खिरीचं पातेलं घेऊन वाढत होते. बैठकीच्या छतात चौकोनी मोकळ्या जागेवर लोखंडी जाळी आहे, त्यातून खालचा आवाज तात्यांच्या खोलीत सरळ जातो. आपल्या बायकोच्या श्राद्धाचं वेदपठण त्यांना ऐकू जावं म्हणून खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

मी बापूगुरुजींना खीर वाढत होते तेव्हा पाट वाजला.

टक् टक्.

विश्वास गुरुजी थांबले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतः मुलांना शिकवतो, पण इयत्ता पहिलीतल्या मुलासारखा थांबला. डोळे उघडले नाहीत. दोन ओळी मागे गेले आणि पुन्हा म्हणायला लागले. इतक्या सवयीने, की पहिल्या क्षणी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पंचवीस वर्षं ऐकलेला आवाज. मी पुढच्या पानाकडे सरकलेसुद्धा. मग हातातला डाव तसाच राहिला.

श्रीकांत माझ्याकडे बघत होते. मी पाटाकडे बघितलं. पाटावर घंटी, शेजारी दोन सेल. आसपास कोणी नाही. लाकूड उन्हाने तडकलं असेल, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं, शब्दांत.

विश्वास गुरुजी तेच वाक्य पार करून पुढे गेले होते. मिनिटभर झालं असेल. आणि पुन्हा... टक् टक्. या वेळी जोरात. घाईत. तात्या असे कधी वाजवत नसत.

विश्वास गुरुजींनी डोळे उघडले. "काकू," ते म्हणाले, "आत्ता नाही चुकलो मी."

मला जे कळलं ते मी विचार करून काढलेलं नाही. पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं आणि जिन्याकडे वळले. श्रीकांत अर्धे उठले. तेव्हा मागून बापूगुरुजींचा आवाज आला. पानावर बसलेल्या ब्राह्मणाने मौन मोडलं. "श्रीकांत, तू बस. सूनबाई जाताहेत."

वरची खोली शांत होती. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. नळीतून श्वासाचा एक बारीक आवाज सतत येत असतो, शिट्टीसारखा, आणि त्याची इतकी सवय होते की तो नसला की घर बंद पडल्यासारखं वाटतं. तात्यांची छाती जोरात वरखाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. ओठ निळसर. डोळे सताड उघडे, दाराकडे. डावा अंगठा बटणावर होता. दाबून दाबून नखाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. खाली मी सेल काढून ठेवलेली घंटी.

बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मीटरवर अडुसष्ट.

सोवळं वगैरे काही आठवलं नाही. मोजे चढवले. आतली नळी फिरवून बाहेर काढली, तिचं तोंड वाळलेल्या कफाने पूर्ण बंद होतं, बुचासारखं. मशीनचं बटण दाबलं. लाईट नव्हती, बॅटरी सकाळी भरली होती, त्यामुळे ते घरघरायला लागलं. त्या आवाजाला मी देवाचा आवाज म्हणणार नाही, पण त्याच्या जवळचं काही म्हणेन. सक्शनची नळी आत, सक्शन, बाहेर. मोजत होते, मोठ्याने. एक, दोन, तीन... दहा. थांबले. पुन्हा. तिसऱ्या वेळी आतून एक घट्ट गोळा आला आणि ती शिट्टी परत सुरू झाली. नवी आतली नळी बसवली. मीटर चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. ओठांचा रंग परत आला.

सुनीता एका पायात चप्पल घालून दारात उभी होती. "भाभी, बंदर मेरी चप्पल लेके भाग गया, मैं तो बस..." तिने पलंगाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबूजी ठीक हैं ना?"

"ठीक हैं," मी म्हटलं. "चूक तेरी नहीं है. वही दे."

मी वहीत लिहिलं. एक बत्तीस, घट्ट, पिवळट, नळी पूर्ण बंद. 'कसे कळले' असा एक रकाना आहे. त्यात आम्ही घंटी, आवाज किंवा नियमित असं काहीतरी लिहितो. तो रकाना मोकळा सोडला.

श्राद्धाचं पुढे काय झालं, असं पुष्कळ जण विचारतात. मी अंघोळ केली, कोरडं सोवळं नेसले, आणि बापूगुरुजी म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या श्राद्धाला जेवायला बसलो आणि तात्यांना जाऊ दिलं असतं, तर त्या बाईने मला वर गेल्यावर सोडलं असतं का? वाढा खीर." पानं पूर्ण झाली. संध्याकाळी श्रीकांत पंचगंगा घाटावर पिंड सोडून आले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "तूही ऐकलंस ना?" मी म्हटलं, "अहो, सगळ्यांनी ऐकलं." 

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. कपाट उघडलं, डबी उघडली. पवित्रक आत होतं, कापसात, वर दीड वर्षाची काळपट छटा. श्रीकांतांच्या बोटात त्या दिवशी दर्भाचं पवित्रक होतं, ते गवत, त्याचा आवाज होत नाही. शेजारच्या दोन्ही घरांत विचारलं, कोणाकडे ठोकाठोक चालू नव्हती. सेल नसलेली घंटी पाटावर ठेवून मी सुनीताला वरून बटण दाबायला लावलं, वीस वेळा. काही नाही. तीन दिवस दुपारी, त्याच वेळेला, कूलर बंद करून त्या पाटाशेजारी बसले. लाकूड तडकलं नाही. तिसऱ्या दिवशी श्रीकांत म्हणाले, "आता पाटाचा हजेरीपट करणार आहेस का?" चेष्टेने म्हणाले, पण आवाज चेष्टेचा नव्हता.

बापूगुरुजींवर माझा थोडा संशय होता, खोटं का सांगू. त्यांच्या हातात अंगठ्या आहेत. पण त्यांचा उजवा हात पानात होता आणि डावा मांडीवर, मी समोर उभी होते. आणि मग विश्वास गुरुजी आले, त्यांनी तोही मार्ग बंद केला.

"काकू," ते म्हणाले, "पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी खरंच चुकलो होतो. एक पद गाळलं. लहानपणापासून मी तिथेच गाळतो. तात्यांनी त्या जागी मला किती वेळा वाजवलं असेल त्याला गणती नाही. बापूगुरुजी वेदाच्या दुसऱ्या शाखेचे, त्यांना ते कळणारच नाही."

"मग दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा बरोबर होतं. तात्या बरोबर म्हणणाऱ्याला कधी वाजवत नसत." मग म्हणाले, "म्हणून तर तुमच्याकडे बघितलं."

माझ्या डोक्यात हा हिशोब बसत नाही. श्वास अडकलेल्या माणसाने खालच्या माणसाचं गाळलेलं पद आधी दुरुस्त केलं आणि मग स्वतःसाठी हाक मारली, असं मानायचं का? तात्यांना ओळखणारे म्हणतात, हो, ते असंच करतील. पण कशाने? उजवा हात दीड वर्ष हललेला नाही. अंगठी कुलपात. पाट खालच्या मजल्यावर.

आता घरात दोन घंट्या आहेत, एकीला विजेची तार, एक सेलवर, आणि दोन्हींचा आवाज दळणाच्या गिरणीसारखा आहे. सणवार काहीही असो, त्या बंद होत नाहीत. यादीत पहिल्या ओळीला लिहिलंय, तात्यांना एकटं ठेवून खोलीतून कोणी हलायचं नाही, कावळ्यासाठीसुद्धा नाही. सुनीता त्या ओळीवर रोज बोट ठेवते. विश्वास गुरुजी दर गुरुवारी वर येऊन तात्यांसमोर म्हणतात. त्या जागेपाशी आले की त्यांचा आवाज बारीक होतो. तात्या डोळे मिटून ऐकतात.

खरं तर उत्तर मिळवणं अवघड नाही. तात्यांना सगळं समजतं. पलंगाशेजारी बसायचं आणि विचारायचं, तात्या, त्या दिवशी पाट तुम्ही वाजवलात का? एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. विश्वास गुरुजींनाही हे सुचलं होतं. ते म्हणाले, "विचारा काकू, पण मी नसताना."

त्यांनी हो म्हटलं, तर मी वही लिहिता लिहिता पाटाकडे कान लावून बसेन, आणि एखाद्या दुपारी तासाची तपासणी चुकेल. मी स्वतःला ओळखते. आणि त्यांनी दोनदा डोळे मिटले तर... श्राद्ध कोणाचं होतं ते वर लिहिलंच आहे. त्या घरात तो आवाज सगळ्यात जास्त वर्षं ऐकलेली एकच व्यक्ती होती.

मी रोज सकाळी दिवसाची यादी करते. कालचं जे राहिलं ते आजच्या पानावर उतरवते. हातमोजे आणणे, बाटली उकळणे, बॅटरी, डॉक्टरांना फोन. त्यांच्यापुढे संध्याकाळपर्यंत खुणा होतात. एक ओळ मात्र जूनपासून रोज पुढच्या पानावर जाते आहे. आत्ताही ती समोर आहे, आजच्या पानावर, शेवटून दुसरी. 'तात्यांना विचारणे.' वर शिट्टी नीट चालू आहे, ऐकू येतेय. खूण केलेली नाही.